‘आम्ही बघून घेतो’ एवढ्यावर थांबावे का?

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी एका क्लबमध्ये पोहायला शिकते. मुली कपडे बदलत असताना तेथील प्रशिक्षक दार न वाजवता आत येतात, असे तिने आणि तिच्या मैत्रिणीने घरी सांगितले. मी सचिवांच्या कानावर घातले, तेव्हा ‘आम्ही बघून घेतो, बाहेर वाच्यता नको’ असे उत्तर मिळाले. इतर पालक म्हणतात, एवढा नावाजलेला माणूस, उगाच बदनामी कशाला? मी थांबावे का?

उत्तर : थांबू नये. सचिवांचा हेतू चांगला असेलही. पण क्लबचे नाव आणि पदके ज्याच्यावर अवलंबून आहेत, त्याची चौकशी क्लबनेच करावी, ही अपेक्षा भाबडी आहे.

अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात २००१ साली फुटबॉल संघाच्या एका तरुण साहाय्यकाने जेरी सँडस्की या माजी प्रशिक्षकाला न्हाणीघरात एका लहान मुलाबरोबर पाहिले. त्याने मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो यांना सांगितले, पटर्नोंनी वरिष्ठांना, आणि गोष्ट विद्यापीठाच्या अध्यक्षांपर्यंत पोहोचली. बालसंरक्षण यंत्रणेला कळवण्याचा विचार झाला होता, पण आधी सँडस्कीशीच बोलावे असे ठरले. त्याने ऐकले नाही तर न कळवल्याबद्दल आपणच अडचणीत येऊ, हे अध्यक्षांनी ईमेलमध्ये लिहिले आणि तरीही हाच मार्ग माणुसकीचा ठरवला. माणुसकी कोणाशी? तो मुलगा कोण, हे शोधण्याची तसदी कोणीही घेतली नाही. पुढची दहा वर्षे सँडस्की मोकळा होता. २०१२ मध्ये तो ४५ आरोपांत दोषी ठरला.

इतर पालकांच्या बोलण्याचेही मला नवल वाटत नाही. २०११ मध्ये पटर्नोंना पदावरून दूर केले, त्या रात्री हजारो विद्यार्थी त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले आणि त्यांनी दूरचित्रवाणीची एक गाडी उलटवली. पटर्नोंनी वरिष्ठांना सांगितले होते हे खरेच, आणि कर्मचाऱ्याने आपल्या वरिष्ठाला सांगावे, पुढचे त्याने पाहावे, अशीच त्या राज्याच्या कायद्याची तेव्हाची रचना होती. २०१४ च्या अखेरीपासून मात्र, ज्याला संशय येतो त्यानेच थेट यंत्रणेला कळवावे, असा बदल तेथे झाला.

म्हणून आपण स्वतः पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवावे. त्यासाठी पुरावा हाती असावा लागत नाही, रास्त संशय पुरतो. शहानिशा करणे हे त्यांचे काम आहे, आणि प्रशिक्षक निर्दोष असतील तर त्यांच्याही हिताचे तेच आहे. त्यांना स्वतः जाब विचारायला जाऊ नये, कारण सावध झालेला माणूस मुलींवर दबाव आणू शकतो. मुलीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे आणि तूर्त तिला तेथे पाठवू नये. सचिवांशी झालेले बोलणेही लेखी पत्राने त्यांना कळवून पोच घ्यावी, म्हणजे ‘आमच्यापर्यंत काही आलेच नव्हते’ असे म्हणायला पुढे जागा राहणार नाही.