पगाराच्या चिठ्ठीवर ‘गैरहजर’

प्रश्न : ताई, मी सिडकोत राहते. गेल्या जूनपासून एका खासगी हॉस्पिटलच्या कोविड वॉर्डात ठेकेदाराकडून मावशीचं काम करते. बारा-बारा तास किट अंगावर, मध्ये पाणी नाही की लघवीला सुट्टी नाही. एप्रिलमध्ये मलाच कोरोना झाला. चौदा दिवसांनी गेले तर तेवढा पगार कापलेला. विचारलं, तर सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, “तुझ्यामुळे चौघी आजारी पडल्या. परत घेतलं हेच उपकार समज.” आता रोज तेच ऐकवतो. चिठ्ठीचा फोटो पाठवतेय. कुठे जाऊ?
(मे २०२१)

उत्तर : फोटो मोठा करून पाहिला. १६ दिवसांचे ७,२०० रुपये, आणि पुढे चौदा दिवस ‘गैरहजर’. अहो, ज्या वॉर्डात पेशंटचे बेडपॅन उचलले, तिथलाच आजार अंगावर आला. त्याला गैरहजर म्हणतात? वीस वर्षं कामगारांच्या केसेस लढते आहे, तरी हा शब्द वाचून हात थरथरला.

त्याच चिठ्ठीत खाली ‘ईएसआय ५४’ असं आहे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा या सरकारी योजनेची ५४ रुपये वर्गणी तुमच्या पगारातून कापली आहे. तीच तुमची वाट. त्या चौदा दिवसांसाठी ठेकेदाराशी भांडत बसू नका, ते पैसे ईएसआयकडून मिळतात : पहिले दोन दिवस सोडून पुढे रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के. अट एकच, गेल्या वर्षीच्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. तुम्ही जूनपासून आहात, म्हणजे ठेकेदाराने खरोखर भरली असेल तर बसता. कापून घेतात आणि भरत नाहीत, असेही ठेकेदार मी पाहिलेत. म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्ट, डॉक्टरांचे कागद आणि ही चिठ्ठी घेऊन ईएसआयच्या शाखेत जा, आधी वर्गणीच तपासून घ्या. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. तसा कायदाच आहे.

सुपरवायझरचं बोलणं तारीख, वेळ आणि ऐकणाऱ्यांच्या नावांसकट वहीत उतरवा. किटचंही लिहा. त्या चौघींना बरोबर घ्या. एकटीचा अर्ज बाजूला पडतो, पाच सह्या पडत नाहीत. अर्ज ठेकेदाराला आणि हॉस्पिटललाही द्या, कारण ठेकेदाराने पगार बुडवला तर तो हॉस्पिटलला भरावा लागतो. एक प्रत कामगार उपायुक्तांकडे. कुणी पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा.

आणि मूळ चिठ्ठी कुणाच्याच हातात देऊ नका. झेरॉक्स द्या.