पक्ष नसताना विधानसभेला उभं राहायचं तर काय लागतं?

तुम्ही लिहिलंय की वय २७, चाळीसगाव तालुक्यात शेती, पाठीशी पक्ष नाही, तर पुढच्या विधानसभेला उभं राहायला हाताशी किती पैसे हवेत? मी २०२४ ला जळगाव जिल्ह्यातूनच अपक्ष उभा होतो. भाऊ, पैशाचं नंतर बघू. आधी दहा माणसं शोधा.

वयाची अट २५ पूर्ण, त्यात तुम्ही बसता. पण मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा माणूस, पुरतो; अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. प्रत्येकाचा मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अर्जात बरोबर पडला पाहिजे. कागदावर हे सोपं दिसतं. गावात मात्र सूचक होणं म्हणजे चारचौघांत बाजू घेणं. सोसायटीचं कर्ज थकलेलं असतं, कोणाचा पोरगा संस्थेत शिपाई असतो. "मत तुलाच, पण सही नको," असं मला चौघं म्हणाले, त्यात दोघं भाऊबंदकीतले. त्यांचा मला राग नाही. त्यांना गावातच राहायचंय.

माझ्या दहाव्या सूचक म्हणजे आमच्या गल्लीतल्या एक मावशी. त्या म्हणाल्या, "माले सही येत नही भो, चाली का?" अंगठा चालतो, पण तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांसमोर किंवा निवडणूक आयोगाने ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यासमोरच द्यावा लागतो. घरून घेऊन गेलात तर छाननीत अर्ज बाद. ऑक्टोबरची अखेर होती, कापसाची वेचणी जोरात. मावशी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला आल्या. बोंडं टोचून अंगठ्याला भेगा पडलेल्या, पहिला ठसा नीट उठलाच नाही. त्यांनी पदराला अंगठा पुसला आणि दुसऱ्यांदा असा दाबला की टेबल हललं.

आता पैसे. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर पडलेल्या उमेदवाराची अनामत जप्त होते. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, पण तेवढे असलेच पाहिजेत असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. माझा पैसा डिझेल, पत्रकं आणि भोंग्याच्या एका रिक्षावर गेला. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा. आणि अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा सोडू नका, काही नसेल तिथे 'निरंक' लिहा.

खरी टंचाई दिवसांची. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. २०२४ ला माघार ४ नोव्हेंबरला, तीही दिवाळीला लागून, आणि प्रचार १८ तारखेला संध्याकाळी बंद. चिन्ह घेऊन फिरायला मिळाले जेमतेम दोन आठवडे. त्यात दिवसभर सगळं गाव शेतात. माणसं ओट्यावर भेटतात ती संध्याकाळी सातनंतर, आणि दहाला भोंगा बंद करावा लागतो. रात्रीतून तीन गावं झाली तरी खूप.

म्हणून तोंडओळख आत्तापासून हवी. आपल्या खानदेशात अपक्ष निवडून आलेले आहेत: अमळनेरला २००९ आणि २०१४ ला, साक्री आणि मुक्ताईनगरला २०१९ ला. मुक्ताईनगरचे चंद्रकांत पाटील त्याआधी २०१४ ला त्याच जागेवर शिवसेनेकडून लढून पडले होते. म्हणजे अपक्ष उभे राहिले तेव्हा गावोगाव माहीत होते. तुम्हाला तेवढीच ओळख पक्षाशिवाय कमवायचीय, तर पुढची वर्षं त्यातच घाला.

एक विसरू नका. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, नाही दिला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. माझी अनामत गेली, पण हिशेब मी वेळेत दिला. पुढच्या वेळी उभं राहायला मोकळा आहे, आणि मावशींनी आत्ताच सांगून ठेवलंय की या खेपेला पहिला अंगठा त्यांचा.