अध्ययनशैलीचा तक्ता भरताय? आधी 52 − 27 देऊन बघा

ताई, तिसरी-चौथी एकत्र, पट 34, प्रत्येक मुलाची अध्ययनशैली (ते बघून, ऐकून की करून जास्त शिकतं ते) ठरवून तक्ता द्यायचाय आणि प्रश्नावलीत जवळपास सगळी मुलं ‘दृक्’ निघाली, हे तुमचं वाचलं आणि जुनी चीड वर आली. आमच्या भागातल्या एका कार्यालयाने (नाव नको) असाच तक्ता मागवला होता. दृक्, श्राव्य, कृतिशील असे तीनच रकाने. बेरीज पटाशी जुळली नाही की तक्ता परत. ‘अजून सांगता येत नाही’ असा रकाना का नाही, तर म्हणे ‘वरून आलंय’. पहिल्या सत्रातले ऐन शिकवायचे दिवस त्यात गेले. त्या तक्त्याचं पुढे काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही.

‘चित्रं बघायला आवडतात का?’ याला आठ वर्षांचं कुठलं मूल नाही म्हणेल? वर शेजारच्याचं बघून खूण करणारी वेगळीच. या जातीतली सगळ्यांत गाजलेली व्हार्क प्रश्नावली नील फ्लेमिंग यांनी 1987 मध्ये न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठात केली, म्हणजे विद्यापीठातल्या मोठ्या मुलांसाठी. आणि 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅश्लर व सहकाऱ्यांनी झालेलं संशोधन तपासलं, तेव्हा शैली जुळवून शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. मुलांच्या आवडी खऱ्या असतात, पण आवडतं त्याच वाटेने जास्त कळतं असं नाही.

तक्ता द्यावाच लागणार, तर देऊन टाका. पण त्यावरून गट पाडू नका, बाक हलवू नका. खरं नुकसान तिथे होतं.

त्यापेक्षा रोज चार-पाच मुलांना जवळ बोलवा आणि दशक सुटा करायची एकाच प्रकारची वजाबाकी तीन तऱ्हांनी द्या. तोंडी: ‘52 रुपये होते, 27 चा खाऊ घेतला, उरले किती?’ मग गठ्ठे आणि सुट्या काड्या. मग वहीत उभी मांडणी. उदाहरणं सारखी घ्या, आकडे बदला, नाहीतर आधीचं उत्तर आठवून सांगतात. काड्यांनी बरोबर उत्तर काढणारं मूल वहीत 52 − 27 चं उत्तर 25 ऐवजी 35 लिहितं, हे हमखास दिसेल. सात दोनातून जात नाहीत, म्हणून ते दोनच सातातून काढतं. तक्त्यात हे मूल ‘कृतिशील’ ठरतं आणि वर्षभर काड्याच मोजत बसतं. त्याचं अडलंय ते काड्या आणि अंक यांची सांगड घालण्यात. म्हणून काड्या आणि वही एकाच वेळी समोर हवी. गठ्ठा सोडला की त्याच क्षणी 5 खोडून 4, आणि 2 च्या डोक्यावर 12. आधी सगळ्या काड्या उरकून मग वही उघडली तर उपयोग होत नाही. हात बसला की काड्यांऐवजी वहीत रेघा, नंतर नुसते अंक.

वाचनाचंही तसंच. चाळीसेक शब्दांचा उतारा मुलाला वाचायला द्या, तेवढाच सोपा दुसरा तुम्ही वाचून दाखवा, दोन्हींवर तीन-चार प्रश्न विचारा. ऐकून कळतं, वाचून नाही, तर ते ‘श्राव्य’ नव्हे, त्याचं वाचन कच्चं आहे. त्याला ऐकवत राहिलात तर वाचन कच्चंच राहणार. ऐकूनही कळलं नाही तर घरची भाषा बघा. कोरकू, पावरी, गोंडी बोलणारं मूल पुस्तकी मराठीत गप्प बसतं. प्रश्न त्याच्या बोलीत विचारून घ्या, वर्गातलंच मोठं मूल मदत करतं.

डोळे-कान आधी तपासायचे हे तुम्हाला ठाऊक असणारच. तरी फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणाऱ्या मुलावर ‘कृतिशील’चा शिक्का सर्रास बसतो, म्हणून लिहिलं.

आवडीनिवडी कुठे उपयोगी? उत्तर कसं द्यायचं यात. तोंडी, नावं दिलेली आकृती किंवा लेखी, यातलं त्यांना निवडू द्या. पण लेखी अजिबात टाळू देऊ नका. कोण जोडीत बोलतं आणि वर्गासमोर मिटतं, कोणाला उत्तरापूर्वी थोडा वेळ लागतो, हे टिपलेलं खूप कामी येतं.

वर्णनात्मक नोंदीत ‘दृक् अध्ययनार्थी’ असं लिहू नका. ‘वजाबाकी काड्यांनी बरोबर, लेखी मांडणीत मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो’ असं लिहा, तारीख घाला. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला कुठून सुरुवात करायची ते कळतं.

मी मानसतज्ज्ञ नाही, हे फक्त तिसरी-चौथीपुरतं. आणि दिव्यांग मुलांना हे लावू नका. ब्रेल किंवा खाणाखुणांची भाषा ही आवड नसते, गरज असते. विशिष्ट अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. शंका आली तर स्वतः ठरवू नका, तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं तिथे कोणाच्या लक्षात राहत नाही.