तिला शेवटपर्यंत बोलू द्या

फ्रँकफुर्टहून एका आईने लिहिले आहे: "मुलगी पंधरा वर्षांची आहे. शाळेत प्रीमो लेव्ही या इटालियन ज्यू लेखकाचे आउशवित्झ या नाझी छळछावणीच्या आठवणींचे पुस्तक लावले आहे. काटेरी तारांवर वाळत घातलेल्या मुलांच्या कपड्यांपाशी ती अडली आणि रडू लागली. जेवतानाही तोच विषय निघाला, तेव्हा मी म्हटले, होऊन गेले ते, आता रडून काय उपयोग, आणि भात आणायला उठले. तेव्हापासून ती आमच्याशी नीट बोलत नाही. शाळेला पुस्तक बदलायला सांगावे का? रविवारचा मराठीचा वर्गही ती टाळते, आणि पुढच्या महिन्यात सासूबाई येणार आहेत."

ताई, तुमची काळजी मला कळते. परक्या देशात आपले मूल हसतेखेळते राहावे म्हणून आपण सारेच धडपडतो. तरीही तुम्हाला थोडे रागावणार आहे, कारण दुःखाचा विषय निघाला की तो आवरता घ्यायचा आणि त्यालाच माया समजायचे, ही आपल्या घरांची सवय मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

मुलगी ज्या पानावर अडली, ते पान आधी स्वतः वाचा. फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीतल्या फोस्सोली छावणीतून ६५० ज्यूंना आगगाडीने आउशवित्झला न्यायचे ठरले होते. आदल्या रात्री आयांनी जागून शिदोरी बांधली, मुलांना न्हाऊ घातले, सामान भरले, आणि पहाटे कुंपणाच्या तारांवर मुलांचे कपडे वाळत होते. लेव्हींच्या आगगाडीच्या डब्यातल्या ४५ जणांपैकी चौघेच पुन्हा आपले घर पाहू शकले. हे वाचून मुलीला रडू आले, म्हणजे ती मन लावून वाचते आहे.

त्याच पुस्तकात एक स्वप्न आहे. छावणीत लेव्हींना वारंवार दिसे की आपण घरी परतलो आहोत, बहीण आणि मित्र भोवती बसले आहेत, आपण भुकेविषयी आणि उवांविषयी सांगतो आहोत, पण कोणाचेच लक्ष नाही. मग बहीण एक शब्दही न बोलता उठून जाते. आल्बेर्तो या मित्राला सांगितले, तर तोही म्हणाला की त्याला हेच स्वप्न पडते. सुटकेनंतरही एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने हस्तलिखित नाकारले, आणि १९४७ मध्ये एका लहान प्रकाशकाने जेमतेम २,५०० प्रती काढल्या. ताई, असे पुस्तक वाचणारी मुलगी बोलत असताना तुम्ही भात आणायला उठलात. तिच्या अबोल्याचे कारण मला तिथेच दिसते.

माझा धाकटा मुलगा शाळेबरोबर बुखेनवाल्डची जुनी नाझी छळछावणी पाहून आला, तेव्हा माझ्या सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. आमच्या ह्यांनी लगेच फाळणीच्या कहाण्या सुरू केल्या. सासूबाईंना जर्मनीचा इतिहास फारसा ठाऊक नव्हता, पण त्यांनी ह्यांना थांबवले, नातवाशेजारी बसल्या आणि "मग पुढे?" एवढेच विचारत राहिल्या. तो बराच वेळ बोलला आणि मग आपणहून जेवायला आला. फाळणीचे दुःख खरेच आहे. पण दुसऱ्याचे ऐकताना आपले मध्ये घातले की सांगणारा गप्प होतो.

तुम्हीही मुलीसमोर बसा आणि तिलाच वाचून दाखवायला सांगा. पुढे लोरेन्झो नावाचा गवंडी भेटेल, ज्याने सहा महिने रोज लेव्हींना पावाचा तुकडा आणि आपल्या वाट्याचे उरलेले अन्न दिले. मात्र तिला बरे वाटावे म्हणून घाईने त्या पानाकडे नेऊ नका. एखाद्या दुपारी तिच्याबरोबर तुमच्या शहरातल्या नव्या ब्योर्नेप्लाट्झला जा. तिथे जुन्या ज्यू दफनभूमीच्या भिंतीवर मारल्या गेलेल्या सुमारे १२,००० फ्रँकफुर्टकरांच्या नावांचे छोटे ठोकळे आहेत. तिला हवी तेवढी नावे वाचू द्या. परत निघण्याची घाई तुम्ही करू नका.

शाळेला पुस्तक बदलायला मुळीच सांगू नका. मराठीचा वर्ग थोडे दिवस राहिला तरी चालेल, आणि सासूबाई येतात ते चांगलेच आहे. तिची झोप किंवा जेवण मात्र सुटू लागले, तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा आणि शाळेतल्या शिक्षिकेशीही बोला. ती एकटीच रडली असेल असे मला वाटत नाही.