बालीतल्या डोंगरावरच्या मंदिरांसाठी चार दिवस आहेत. लेंपुयांग देवळाचा तो फोटोतला, तळ्यात प्रतिबिंब पडलेला दरवाजा पाहण्यासारखा आहे का?

दरवाजा पाहण्यासारखा आहेच, पण तेवढ्यासाठी लेंपुयांगला जाऊ नका. जाल तर वर चढा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही घरचे सहा जण गेलो होतो. पहाटे निघूनही फोटोचा नंबर शंभरच्या पुढचा मिळाला. फोटोत दिसतं ते तळं तिथे नाहीच. फोटो काढणारा मोबाइलखाली आरशाचा तुकडा धरतो, त्यात दरवाजा उलटा उमटतो. मी म्हटलं, नंबर लागेपर्यंत डोंगरावर जाऊन येऊ. हे खालचं देऊळ, मूळ देऊळ, पुरा लुहूर, माथ्यावर आहे, सुमारे १,७०० पायऱ्यांवर. कोणी उठेना. दीर म्हणाले, "वर मूर्तीच नाही म्हणे. देव नाही तर देऊळ कसलं?" मी एकटी निघाले.

वाटेत एक बाली कुटुंब भेटलं. आजींच्या डोक्यावर नैवेद्याची टोपली. एका वळणावर टेकून मी "टायर्ड" म्हणाले, तर नात हळूच म्हणाली, या वाटेवर दमले म्हणायचं नसतं, कुरकुर करायची नसते. त्यानंतर मी तोंडातून शब्द काढला नाही. वर त्यांनी मला आपल्यातच बसवून घेतलं. पुजाऱ्यांनी तीर्थ शिंपडलं, तीनदा ओंजळीत दिलं, मग कपाळाला लावायला ओले तांदूळ. अक्षताच त्या! समोर पद्मासन, म्हणजे दगडी उंच आसन, रिकामं. देवाला बोलवायचं, त्याने येऊन बसायचं, म्हणून ते रिकामं. आपल्याकडे चतुर्थीच्या आदल्या रात्री मखर रिकामंच असतं ना? त्याला कोणी रिकामं खोकं म्हणतं का? हे तेव्हा दिरांना सुचून सांगता आलं नाही.

माझ्यामुळे जवळचा तिर्ता गंगा हा जलमहाल हुकला असं घरात आजही म्हणतात. मी साडेतीन तासांनी खाली आले तेव्हा त्यांचा नंबर लागायचाच होता.

तुमच्या चार दिवसांचं म्हणाल तर कुटाला, म्हणजे दक्षिणेच्या किनाऱ्यावर, राहू नका, सगळा वेळ गाडीत जाईल. दोन रात्री पूर्वेकडच्या सिडेमन गावात राहा, तिथून लेंपुयांग आणि बालीतलं सर्वांत मोठं देऊळ बेसाकिह होतं. १९६३ च्या उद्रेकात आगुंग ज्वालामुखीचा लाव्हा बेसाकिहला चुकवून गेला, तो डोंगर नजरेसमोर ठेवूनच ते देऊळ पाहावं. मग तांपाकसिरिंगजवळ गुनुंग कावी: कातळात कोरलेली अकराव्या शतकातली दहा चंडी, म्हणजे देवळाच्या आकाराची स्मारकं, प्रत्येक सुमारे सात मीटर उंच. शेवटी बातुकारू डोंगरावरचं देऊळ आणि पायथ्याचं जातिलुविह गाव. तिथली भातखाचरं नुसती पाहून परतू नका, बांधावरून चाला. पाटाचं पाणी कोणाला कधी, हे शेतकऱ्यांचं सुबाक, म्हणजे पाणीवाटपाचं मंडळ, ठरवतं आणि त्या पाण्याची देवळंही त्यांचीच. २०१२ साली युनेस्कोने ही सगळी व्यवस्थाच जागतिक वारशात घेतली.

हो, गुडघे दुखत असतील तर १,७०० पायऱ्यांचा हट्ट नको. नोव्हेंबर ते मार्च पावसात त्या निसरड्या होतात. सारोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, आणि कमरेचा पट्टा लागतोच. पाळी चालू असेल तर आत जाऊ देत नाहीत. मला ते पटत नाही, पण नियम त्यांचा आहे, तारखा बघून बेत आखा.

आणि सोबतचे खाली थांबतो म्हणाले तर थांबू द्या. तुम्ही चढा.