साईड रोलवाला म्हातारा, त्याचे दात आणि तीन ऑस्कर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भाऊ, राम राम. मी अमळनेरचा, रिटायर्ड मास्तर. दुपारी टीव्हीवर जुने काउबॉयचे पिक्चर बघायची सवय लागलीये. 'रिओ ब्राव्हो'मध्ये जेलच्या दाराशी बंदूक घेऊन बसलेला एक लंगडा म्हातारा आहे, सारखा कुरकुर करतो, तोंडाचं पार बोळकं. नातू म्हणतो, आजोबा याला तीन ऑस्कर आहेत. पोरगं माझी फिरकी घेतंय का?

उत्तर : फिरकी नाही मास्तर, नातू खरं सांगतोय. याचं नाव वॉल्टर ब्रेनन. 1936 चा 'कम अँड गेट इट', 1938 चा 'केंटकी' आणि 1940 चा 'द वेस्टर्नर', पाच वर्षांत तीन, आणि सहाय्यक अभिनेत्याची तीन ऑस्कर घेणारा तो आजपण एकटाच आहे. पहिलं तर त्या विभागातलंच पहिलं, त्याच्याआधी साईड रोलवाल्यांसाठी वेगळं ऑस्कर नव्हतंच. आणि त्या काळात ते मिळालं तरी ती प्रसिद्ध मूर्ती हातात पडायची नाही, एक पाटी द्यायचे. हिरोला मूर्ती आणि याला पाटी, बक्षीस देतानासुद्धा पंक्तिप्रपंच!

आता ते बोळकं. जन्म 1894 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावचा, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला तोफखान्यात होता, परत येऊन लॉस एंजेलिसला प्लॉटच्या धंद्यात बक्कळ पैसा केला आणि सगळा घालवला. मग पोटासाठी सिनेमात एक्स्ट्रा. गर्दीत उभं राहा, घोड्यावरून पड, असली कामं वर्षानुवर्षं, घरी बायको आणि तीन लेकरं. त्यात एका अपघातात दात गेले आणि चाळिशीच्या आतच कवळी आली. दुसरा एखादा खचला असता, याला मात्र त्यातच धंदा सापडला, कारण कवळी काढली की हा सत्तरीचा दिसायचा. डायरेक्टर हॉवर्ड हॉक्स एक किस्सा सांगायचा, 1935 च्या 'बार्बरी कोस्ट'साठी ब्रेनन त्याच्याकडे आला आणि विचारतो, "घालून करू की काढून?" हॉक्स म्हणे काय? तर म्हणे, "दात!" हॉक्स हसून हसून बेजार, आणि काही दिवसांचं काम होतं ते वाढत वाढत गेलं. पुढे 'रेड रिव्हर'मध्ये तर दातांवरच अख्खा विनोद आहे, हा पत्त्यांच्या जुगारात कवळी हरतो आणि जेवायच्या वेळेपुरती परत मागत बसतो.

म्हणजे ऑस्कर घेणारा तो "म्हातारा" 42, 44 आणि 46 वर्षांचा होता. 'रिओ ब्राव्हो'त मात्र खरोखर 64 चा, त्यामुळे तिथे तुम्ही फसलेले नाहीत.

प्रश्न : शहाद्याहून लिहितो. मी वाचलं की या ब्रेननची ऑस्कर मतांच्या सेटिंगवर आली, अ‍ॅक्टिंगवर नाही. खरंय का?

उत्तर : सेटिंग नाही हो, पण गणित होतं. त्या काही वर्षांत हॉलिवुडच्या एक्स्ट्रा लोकांनापण ऑस्करला मत द्यायचा हक्क होता, आणि ते हजारोंनी. हिरो, डायरेक्टर, लेखक सगळे मिळून त्यांच्यापुढे कमी पडायचे. ब्रेनन त्यांच्यातून वर आलेला, आपला माणूस, मग काय, आपल्याकडच्या सोसायटीच्या निवडणुकीत भावकी ज्याच्याकडे जास्त तो चेअरमन, तसंच. नंतर एक्स्ट्रांचा तो हक्क काढून घेतला, त्यामागे ब्रेननची ही तीन बक्षिसंपण होती असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे.

मला विचाराल तर पहिल्या दोनबद्दल वाद घाला, मी मध्ये पडणार नाही. 'कम अँड गेट इट'मधला त्याचा स्वीडिश लाकूडतोड्या मला जरा जास्तच वाटतो, बोलीचा नुसता धिंगाणा, आणि 'केंटकी'तला घोडेवाला म्हातारा रागावतो तेवढाच रडतो. पण 'द वेस्टर्नर' बघा. जज रॉय बीन, हा खरा होऊन गेलेला माणूस, टेक्सासमध्ये दारूच्या दुकानात कोर्ट भरवायचा. ब्रेननचा बीन माणसाला फासावर पाठवताना मिश्कील असतो आणि लिली लँगट्री या नटीचं नाव निघालं की लहान पोरासारखा लाजतो, त्यामुळे आपल्याला तो आवडायला लागतो आणि आपण त्याला आवडून घेतोय याचीच भीती वाटते. समोर हिरो गॅरी कूपर, ब्रेननचा एक्स्ट्रा असतानापासूनचा दोस्त, आणि तो बापडा शांतपणे सगळा पिक्चर याला खाऊ देतो. त्या वर्षी 'द ग्रेट डिक्टेटर'चा जॅक ओकीपण शर्यतीत होता, तोही काही कमी नव्हता. तरी मतदारयादी कुठलीही घ्या, हे तिसरं ब्रेननचंच होतं.

प्रश्न : मी धुळ्याचा, वय 24, एकांकिका करतो. दरवेळी मलाच म्हाताऱ्याचा रोल देतात, केसाला पावडर आणि हातात काठी. सर, मला हिरो कधी मिळणार?

उत्तर : ते तुझ्या डायरेक्टरला विचार भो, मला काय माहीत. पण मला सांग, तुझे आतापर्यंतचे सगळे म्हातारे एकाच माणसासारखे चालतात का? आपल्याकडे स्टेजवर म्हातारा आला की कंबरेत वाकलाच, खोकलाच. ब्रेननचे बघ. 'रिओ ब्राव्हो'चा स्टंपी लंगडतो आणि बडबडतो. 'टू हॅव अँड हॅव नॉट'मधला दारुड्या एडी उड्या मारत चालल्यासारखा, हात एक क्षण जागेवर नाही. आणि 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मधला क्लँटन, तो तर हलतच नाही फारसा, पोरगा मार खाऊन बसला म्हणून त्यालाच चाबकाने फोडतो आणि सांगतो, बंदूक काढलीस तर माणूस मारायचा. तिन्ही एकाच नटाचे, आणि तीनपैकी एकातही खोकल्यावर वेळ काढलेला नाही.

तू एखाद्या बैलबाजारात जा, रुमालाखाली बोटं धरून सौदा करणारे आप्पा-नाना बघ. बोटं चालू, चेहरा बंद. नाहीतर सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात बघणारे म्हातारे बघ, तिथे तुला चार वेगवेगळ्या कंबरा फुकट मिळतील.

आणि हिरोचं म्हणशील तर ब्रेननला तो रोल 63 व्या वर्षी मिळाला, टीव्हीवर. 'द रिअल मॅकॉइज' नावाच्या मालिकेत शेतकरी आजोबा, 1957 ते 1963, एकूण 224 भाग. मधेच 1962 ला त्याचं 'ओल्ड रिव्हर्स' हे गाणं, म्हणजे गाणं कसलं, बोलणंच ते, अमेरिकेत पहिल्या पाचात गेलं. तुझ्याकडे अजून बराच टाइम आहे.

प्रश्न : एवढं कौतुक करता, पण माणूस कसा होता? (एक ताई, जळगाव)

उत्तर : ताई, घरचा चांगला, 1920 ला लग्न केलं ते 1974 ला मरेपर्यंत निभावलं. राजकारण मात्र कडवं उजवं, आणि काळ्या लोकांच्या हक्काच्या चळवळीवर त्याचा राग होता. मला ते पटत नाही, आणि हे माहीत झाल्यावर त्याचे गोड आजोबा मी पूर्वीसारखे बघू शकत नाही. क्लँटन मात्र आणखी जास्त खरा वाटतो.

प्रश्न : रावेरहून. सुरुवात कुठून करू? इंग्रजी जेमतेम कळतं.

उत्तर : सबटायटल लावा आणि 'रिओ ब्राव्हो'ने सुरू करा, ब्रेननचं अर्धं काम आवाजातच आहे. मग 'रेड रिव्हर', मग 'वेस्टर्नर'. 'केंटकी' राहिला तरी चालेल.