हरणाची शिकार शिकताय? आधी वारा ओळखा

भारतात हरणाची शिकार बेकायदेशीर आहे; हे फक्त जिथे परवानगी आहे तिथल्यासाठी. तिथला परवाना, हंगामाचे नियम आणि बंदुकीचं प्रशिक्षण आधी उरका. त्याशिवाय पुढचं बोलणंच नको. नवखे महागड्या कपड्यांवर पैसे घालवतात आणि वारा विसरतात. वारा हरणाकडून तुमच्या तोंडावर यायला हवा. चिमूटभर पावडर उडवून अधूनमधून बघा. पाठीवर आला तर तुमचा वास हरणापर्यंत जातो; जागा बदला.

- टेबलावर टेकवून नेम सगळ्यांचाच लागतो. गुडघ्यावर बसून सराव करा. ज्या अंतरावर प्रत्येक गोळी 15 सेंटिमीटरच्या वर्तुळात बसते, तीच तुमची मर्यादा.
- हरीण तुमच्याकडे कूस करून आडवं उभं असेल तरच गोळी झाडा, खांद्याच्या किंचित मागे. गोळी अडवायला पलीकडे मातीचा उतार हवाच.
- गोळी लागली की धावू नका. जागेची खूण धरा, अर्धा तास थांबा. घाई केलीत की जखमी जनावर उठून लांब जातं. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुसाला लागलंय, बहुधा जवळच सापडेल.

हरणाला भुलवायच्या हाका, शिट्ट्या, वासाच्या बाटल्या यंदा राहू द्या.